धरणात शिडाची होडी : मराठवाड्यात अजून कोणी आहे का?

सिंदफणाकाठ
राम राम मंडळी. आपल्याकडं होडी म्हणलं की लोकांना एकतर कोकण आठवतं नाहीतर पूर आठवतो, म्हणून मुद्दाम हा धागा काढायलो. मी माजलगावचा. हैदराबादच्या एका रिटायर्ड फौजी साहेबांकडून जुनी शिडाची होडी घेतली, चांगल्या कंडिशनमधल्या सेकंडहँड बाईकच्या पैशात, आणि टेंपोवर टाकून गावी आणली. एंटरप्राइझ म्हणतात हिला. साधारण १३ फूट लांब, दोन माणसांची, फायबरची, एक मोठं शीड आणि पुढं एक लहान, दोन्ही निळी. डिझाइन १९५६ चं, जॅक होल्ट नावाच्या इंग्रज माणसाचं. इंजिन नाही, बॅटरी नाही, पेट्रोलचा खर्च नाही. वारा असला की चालती, नसला की थांबती.

पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी घेऊन माजलगाव धरणात चालवतो. मजा काय आहे ते सांगतो. वारा भरला की होडी एका अंगाला कलती, आपण दुसऱ्या काठावर बसून पाठ बाहेर टाकायची, एका हातात शिडाची दोरी, एका हातात सुकाणूची दांडी. बुडाखाली पाणी आधी नुसतं गुळगुळ करत असतं. दोरी वीतभर ओढली की त्याची सळसळ होती आणि सुकाणूची दांडी तळहातात बारीक थरथरायला लागती. ती थरथर आली की समजायचं शीड आणि वारा जुळला. दोरी अजून ओढली तर थरथर जाती आणि होडी जड पडती. हे हाताला कळायला लागलं ना, मग घरी बसून सुद्धा खिडकीचा पडदा हलला की मान तिकडंच वळती.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, मराठवाड्यात अजून कोणी शिडाची होडी चालवतं का? दोन, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की होडी कुठं आणि कशी ठेवावी? आपलं ऊन काही हैदराबादचं ऊन नाही.

जोंधळा_लातूर
फोटो टाका राव! नुसतं वाचूनच गार वाटलं.

बालाघाटी
एक शंका आहे, हसू नका कोणी. वारा जिकडं ढकलतो तिकडं होडी जाणार हे समजलं. पण परत कशी येती? वारा तर उलटा नाही ना होत आपल्यासाठी. का मग वल्हवत येता?

सिंदफणाकाठ
नाही हो, शिडावरच येतो. वल्हं असतं सोबत, पण ते वारा पडला तर.

परभणीचे_सर
बालाघाटी, शंका एकदम बरोबर आहे, मी फिजिक्स शिकवतो आणि बारावीच्या पोरांना हेच उदाहरण देतो. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो बोटं दाबतात त्या दिशेनं जात नाही, सटकन पुढं निसटतो. इथं एक बोट म्हणजे शिडावर दाबणारा वारा आणि दुसरं बोट म्हणजे होडीच्या पोटातून खाली पाण्यात सोडलेली फळी, सेंटरबोर्ड. वारा होडीला आडवं ढकलायला बघतो, फळी आडवं जाऊ देत नाही, मग होडीला पुढं निसटण्याशिवाय रस्ताच राहत नाही. अगदी वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही, साधारण ४५ अंशाचा कोन सोडावा लागतो. म्हणून वाऱ्याकडं जायचं असेल तर आधी तिरपं डावीकडं, मग तिरपं उजवीकडं, असं नागमोडी जायचं. शीडही नुसतं कापड नाही, त्याला शिवतानाच पोट दिलेलं असतं, वारा त्याच्यावरून वळतो आणि त्यातून ओढ तयार होती.

बालाघाटी
सर, शाळेत तुम्ही का नव्हता आम्हाला.

उस्मानाबादी_शेळी
राग मानू नका पण मला हे पटत नाही. ज्या भागात एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं त्या भागात धरणात होड्या फिरवायच्या? आमच्या गावात अजून टँकरची वेळ आली की भांडणं होतात. धरण म्हणजे पिण्याचं पाणी आहे, करमणुकीचं नाही.

मांजराकाठची_सुनिता
शेळीभाऊ (नाव तुम्हीच घेतलंय 🙂), मी त्याच २०१६ ला लातूरमध्ये होते. घागरींच्या रांगेत रात्री नंबर लावलेत, आठ-आठ दिवसांनी येणारं पाणी मोजून वापरलंय. आणि तरी माझं मत तुमच्या उलट आहे. आमच्या पोरांना पाणी म्हणजे फक्त टंचाई नाहीतर पूर एवढंच माहिती. मांजरा धरण भरलं की अख्खं लातूर गाड्या घेऊन बघायला जातं, भिंतीवर उभं राहून सेल्फी काढतं आणि परत येतं. पाण्यावर जाऊन, त्याची खोली, त्याचा वारा, कुठल्या महिन्यात कुठला काठ उघडा पडतो हे जो माणूस रोज बघतो तो त्या पाण्यात प्लास्टिक टाकणार नाही आणि दुसऱ्याला टाकू देणार नाही. बिनइंजिनाच्या होडीनं पाण्याचा एक थेंब कमी होत नाही, तेलाचा एक थेंब वाढत नाही.

उस्मानाबादी_शेळी
इंजिन नाही हे मान्य. पण आज एक होडी, उद्या तिथं रिसॉर्ट, परवा जेट स्की. मी त्याबद्दल बोलतोय.

सिंदफणाकाठ
त्या बाबतीत मी तुमच्या बाजूचा आहे. जेट स्की आली तर पहिला विरोध माझा राहील.

पक्षीवेडी_पैठण
मी शांतपणे एकच सांगते, हा धागा वाचून कोणी उद्या उठून जायकवाडीत होडी टाकू नका. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय चालत नाही. पाणी मोठं आहे, लांबी ५० किलोमीटरच्या वर, म्हणून मोह होतो हे समजतं. पण हिवाळ्यात इथं बदकं, पट्टेरी हंस, रोहित (फ्लेमिंगो) येतात, हजारो किलोमीटर उडून.

जोंधळा_लातूर
पण ताई शिडाच्या होडीला आवाजच नाही ना, पक्ष्यांना काय त्रास?

पक्षीवेडी_पैठण
सगळ्यांना असंच वाटतं. पक्षी आवाजापेक्षा जवळ येणाऱ्या आकृतीला घाबरतात, आणि वीस फूट उंचीचं निळं शीड ही केवढी मोठी आकृती आहे विचार करा. थवा उठला की प्रत्येक पक्ष्याची ताकद खर्च होते. तीच ताकद त्याला परतीच्या प्रवासाला लागते. दिवसातून तीन-चारदा उठवलं की तो चरणार कधी? उथळ काठाला आणि दलदलीला तर अजिबात जायचं नाही, खोल पाण्यातच राहायचं. माजलगावला सुद्धा हिवाळ्यात बदकं असतात, सिंदफणाकाठ यांनी लक्ष ठेवावं ही विनंती.

सिंदफणाकाठ
ताई, अगदी मान्य. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वरच्या अंगाच्या उथळ पाण्याकडं मी जात नाही. आमच्याकडचे भोई लोक पण तिकडं त्या दिवसात जाळं लावत नाहीत.

त्यांच्याबद्दल लिहायचंच होतं. धरणात थर्माकोलच्या चप्पूवर बसून मासेमारी करणारी माणसं आहेत, रोहू, कटला, मरळ, चिलापी. त्यातल्या एका काकांना मी पहिल्यांदा होडीत बसवलं तर त्यांनी शिडाकडं बघितलंच नाही, सगळा वेळ पाण्याकडं बघून सांगत होते. इथं खाली जुनी विहीर हाय, कठडा उभाय. इथं बाभळी हायेत, पाणी उतरलं की फळी वर घे. तिथं शेतकऱ्याच्या मोटारीचा पाईप आडवाय. ह्यातलं काहीच नकाशावर नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. आता जाळ्याच्या जागी प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसल्या की मी लांबून वळतो, आणि कधी जाळं फळीला लागलंच तर फळी वर उचलून होडी मागं घेतो, जाळं कापायचं नाही हा आमचा करार आहे. एक जाळं म्हणजे त्यांचा महिन्याचा बाजार असतो.

देवबागकर
मालवणहून नमस्कार. धागा बघून आधी हसूच आलं, बीड जिल्ह्यात शीड! पण खरं सांगतो, धरणातला वारा समुद्रापेक्षा अवघड. समुद्रावर वारा एका दिशेनं तासन्‌तास सारखा लागतो. जमिनीवरून येणारा वारा टेकड्या, झाडं, तापलेली रानं यांच्यावरून तुटत तुटत येतो, आता पश्चिमेचा तर दोन मिनिटांनी वायव्येचा, मध्येच झोत, मध्येच काही नाही. धरणात शिकलेला माणूस समुद्रावर लवकर रुळतो. उलटं झालं की आमच्यासारखे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, पण गोंधळतात. माझ्याकडून एक सल्ला, शीड बांधून ठेवायचं दावं कधीच पक्कं अडकवून ठेवू नका, दोरी हातात पाहिजे. झोत आला की सोडून द्यायची, शीड फडफडेल, फडफडू दे.

सिंदफणाकाठ
तांडेल, हे वाक्य होडीवर रंगवून घेतो.

नांदेडची_मंजू
अगं बाई, एंटरप्राइझ! कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगला होते मी, तेव्हा कॅम्पमध्ये हीच चालवलीय, आणि व्हेलर ही वल्ह्यांची मोठी होडी वल्हवून हात सोलून घेतलेत. मला तर निळं शीड वाचूनच भरून आलं. आता विष्णुपुरीच्या पाण्याकडं बघत गाडी चालवते रोज.

आणि समुद्र पाहिजेच असं कोण म्हणतं? नेहा ठाकूर बघा, मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली शेतकऱ्याची पोरगी, भोपाळच्या तलावात सेलिंग शिकली आणि २०२३ मध्ये हांगचौच्या एशियन गेम्सला सिल्व्हर मेडल घेतलं. भोपाळपासून समुद्र किती लांब आणि आपल्यापासून किती लांब ते मोजा.

गोदातीर्थ
मराठवाड्याचा आणि जहाजांचा संबंध जुनाच आहे मंडळी. सातवाहनांची राजधानी आपलं पैठण, आणि सातवाहनांच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे!

तेरणेचा_पोऱ्या
नाणं आहे, पण जरा जपून. ती जहाजाची नाणी यज्ञश्री सातकर्णीच्या काळातली, पूर्व किनाऱ्याकडची. पैठणवरून जहाज निघत होतं असं त्यातून होत नाही. पैठण आणि आमचं तेर यांचा उल्लेख पेरिप्लस या जुन्या ग्रीक ग्रंथात आहे तो बाजारपेठ म्हणून. इथला माल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचा आणि तिथून पुढं जहाजानं. म्हणजे आपले लोक बैलगाडीवाले, समुद्राला माल पोचवणारे. त्यातही काही कमी नाही.

गोदातीर्थ
बरोबर आहे, भडोचचं लक्षात होतं पण नाण्याचं ठिकाण माहिती नव्हतं. धन्यवाद.

रेझिनवाला_पुणे
मी फायबरच्या होड्या दुरुस्त करतो, म्हणून जुनी होडी घ्यायची असणाऱ्यांसाठी लिहितो, कारण इथं वाचून दोघं-तिघं तरी शोधायला लागतील. रंग बघू नका, रंगावर काही नसतं. नाण्यानं सगळं बूड ठोकत जा. टणटण आवाज आला तर ठीक, मध्येच भद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत. सेंटरबोर्डच्या खोबणीच्या सांध्यात बोट घालून बघा, जुन्या होडीत पाणी तिथूनच शिरतं. हवेचे बंद कप्पे असतात, होडी उलटली तरी तरंगावी म्हणून, त्यात हळूच हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की गळती सापडली. हे तपासल्याशिवाय पाण्यात जाऊच नका. डोलकाठी ॲल्युमिनियमची आणि रिव्हेट स्टीलचे असतात, त्या जागी पांढरी पूड आणि बारीक चिरा बघा. शीड उन्हाकडं धरा, आणि शिवणीच्या दोऱ्यावर नख घासा. दोरा तुटला तर कापड चांगलं दिसलं तरी शिवणी पुन्हा माराव्या लागतील.

अजून एक, लोकांना वाटतं गोडं पाणी म्हणजे होडीला त्रास नाही. लोखंडाला कमी त्रास हे खरं, पण फायबरला पाण्याचे फोड येतात ते गोड्या पाण्यात जास्त. काम झालं की होडी बाहेर काढून वाळवा.

आणि घरी दुरुस्ती करणार असाल तर मराठवाड्यात मे महिन्यात पॉलिस्टर रेझिन कालवताना हार्डनर कमी घाला आणि पहाटे काम करा. दुपारी कालवलं तर ब्रश बुडवेपर्यंत डब्यातच दगड होतो.

सिंदफणाकाठ
हे वाचून आजच तपासायला बसतो. बूड मी ठोकून घेतलंय, खोबणीचं राहिलंय.

अंबडचा_लाईनमन
मी वेगळाच मुद्दा सांगतो, कोणी बोललं नाही म्हणून. होडीची डोलकाठी ॲल्युमिनियमची, वीस फूट. धरणाच्या काठानं शेतीच्या मोटारींसाठी लाईनी गेलेल्या असतात, उन्हाळ्यात तारा लोंबतात, आणि पाणी वाढलं की तारेखालची जमीनच पाण्यात जाती म्हणजे तार अजून जवळ. ११ केव्हीच्या तारेला काठी टेकायची सुद्धा गरज नाही, जवळ गेली तरी झटका बसतो. काठी उभी करून होडी काठावर ढकलत नेऊ नका. आधी मान वर करून बघा, तारेपासून लांब जागा निवडा, मग काठी उभी करा. आणि मोटारीच्या वायरी पाण्यात पडलेल्या असतील तिथं पायसुद्धा घालू नका.

परभणीचे_सर
या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची पोस्ट. वरच्या बाजूला पिन करा कोणीतरी.

विजेवरून आठवलं. मे महिन्यातला वळीव. दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेला काळं कोबीसारखं ढग उठलं आणि वारा एकदम पडला, तर ‘आता छान शांत झालं’ असं समजू नका. त्याच्या पाठोपाठ गार झोत येतो, आणि उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमची काठी. ढग उठताना दिसलं की काठाला यायचं, गडगडाट ऐकायची वाट बघायची नाही.

मांजराकाठची_सुनिता
होडी उलटली तर? पोहता येत असलं तरी काठ दोन किलोमीटर लांब असला तर?

नांदेडची_मंजू
उलटतेच कधीतरी, त्यात घाबरायचं नाही. पहिला नियम, होडी सोडून पोहत काठाकडं निघायचं नाही. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो आणि होडी तरंगतच राहते. लाईफ जॅकेट घातलेलं पाहिजे, होडीत ठेवलेलं नाही, अंगात. मग बुडाच्या बाजूला जायचं, बाहेर आलेल्या फळीवर उभं राहायचं, पुढच्या शिडाची दोरी धरून मागं झुकायचं, सावकाश होडी उभी राहते. होडीचं तोंड वाऱ्याकडं असलं की लवकर होतं. हे पहिल्या दिवशीच मुद्दाम करून बघायचं, काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यापेक्षा थोडं खोल. चिखलात काठी रुतू देऊ नका.

जोंधळा_लातूर
२०२५ च्या सप्टेंबरात एवढा पूर आला, लोक पत्र्यांवर अडकले होते. अशा होड्या गावागावात असत्या तर कामाला आल्या असत्या ना?

सिंदफणाकाठ
हे मी फार विचार करून लिहितो. नाही, ही होडी पुरात न्यायची नाही. वाहत्या पाण्यात झाडं, तारा, भिंती असतात, शिडाला वळायला जागा नसती आणि फळी अडकली की होडी आडवी. पुरात रबरी बोट आणि इंजिनच पाहिजे, शिकलेली माणसं पाहिजेत. पण एक मात्र होतं. गावात चार पोरं पाण्याला सरावलेली, लाईफ जॅकेट नीट बांधता येणारी, गाठी मारता येणारी असली तर बोट पोचल्यावर ती मदतीला उभी राहू शकतात. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना मी गाठी पहिल्या शिकवतो, शीड नंतर.

बालाघाटी
दादा तुम्ही शिकवता पण? हे आधी का नाही सांगितलं.

सिंदफणाकाठ
गल्लीतली पोरं आणि पुतणी, दुसरं कोण. पुतणी सातवीत आहे. शिडाला मी जुन्या ऑडिओ कॅसेटच्या टेपचे तुकडे बांधलेत, वारा शिडाच्या दोन्ही अंगानं नीट वाहतो का ते कळायला. दोन्ही फिती आडव्या सरळ उडल्या की जुळलं, आतली फडफडली की दोरी ओढ, बाहेरची पडली की सोड. तिला हे एका सकाळी कळलं, आणि आता ती मला ओरडते, काका फीत बघा फीत. जूनच्या शेवटी पश्चिमेचा वारा धरून लागला की ती दांडीवर, मी दोरीवर. तिच्या तोंडावर पाणी उडतं आणि ती हसत अजून वाऱ्याला भिडवते. त्यासाठी होडी घेतली असं म्हणा हवं तर.

देवबागकर
पोरीला मालवणला पाठवा सुट्टीत. खऱ्या लाटा दाखवतो.

उस्मानाबादी_शेळी
माझं रिसॉर्टवालं मत तसंच आहे. पण पुतणीला घेऊन कधी मांजराकडं आलात तर सांगा, बघायला येईन.

वेरूळकर_शांत
वाचत होतो नुसता. सिंदफणाकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो आहे. माझ्याकडं पुण्याहून आणलेली लेसर नावाची जुनी होडी आहे, एका माणसाची, सुमारे १४ फूट, एकच शीड. संभाजीनगरजवळ एका खाजगी शेततलावात नुसती फिरवून बघितली, तलाव लहान पडला, वळेपर्यंत काठ. गोडाऊनमध्ये आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं. मी होडी उलटी करून जुन्या टायरांवर ठेवतो, बुडावर वजन एका जागी येत नाही. वरून ताडपत्री, पण ताडपत्री अंगाला चिकटवायची नाही, खालून वारा खेळला पाहिजे नाहीतर आत वाफ धरती. कप्प्यांची झाकणं उघडी ठेवायची. शीड घडी घालून नाही, गुंडाळून, पाईपवर, आणि घरात. पत्र्याच्या शेडमध्ये शीड ठेवलं तर ऊन नाही तर उंदीर, दोघांपैकी एक खातंच.

सिंदफणाकाठ
अहो, दोन होड्या झाल्या की मराठवाड्यात! लेसर घेऊन माजलगावला या, परवानगीचं पत्र मी तुमच्या होडीसाठी पण मागतो. जुलैमध्ये धरणात पाणी यायला लागलं की ठरवू. मंजूताई, नांदेडहून तुम्ही पण. पुढची दोरी धरायला माणूस लागतं.

नांदेडची_मंजू
आले समजा. लाईफ जॅकेट माझं मी आणते, जुनं मापाचं राहिलेलं नाही तर नवीन घेते. ट्रेलरच्या चाकाच्या बेअरिंगला पाण्यात घालायच्या आधी ग्रीस भरा, आणि बाहेर काढल्यावर परत.

बालाघाटी
आमचे मेहुणे यायचं म्हणायलेत, तालमीतले आहेत, ९५ किलो. होडीला झेपेल का?

देवबागकर
पावसाळ्यातल्या वाऱ्याला तसाच माणूस पाहिजे. काठावर बसवा आणि मागं झुकायला सांगा, होडी सरळ पळेल. फक्त वारा एकदम पडला तर लगेच आत सरका म्हणावं.